कुऱ्हाड, वैरण आणि पाणी : लॅटिन महाकाव्य व प्राचीन सैन्यांचा पर्यावरणीय इतिहास

सारांश

प्राचीन सैन्य ज्या प्रदेशातून जाई, त्या प्रदेशातील वने, कुरणे, उभी पिके आणि जलस्रोत यांवर त्याचा मोठा भार पडत असे. या भाराच्या नोंदी सेनापतींच्या गद्य वृत्तांतांत त्रोटक स्वरूपात आढळतात. लॅटिन महाकाव्यांत मात्र त्याच घटनांना विस्तृत व अर्थपूर्ण स्थान मिळालेले दिसते. प्रस्तुत लेखात ल्यूकन, स्टेशियस व व्हर्जिल यांच्या महाकाव्यांतील निवडक प्रसंग ज्यूलियस सीझरच्या गद्य वृत्तांताशेजारी ठेवून, पर्यावरणीय इतिहासाचे साधन म्हणून महाकाव्याची उपयुक्तता व मर्यादा यांचा विचार केला आहे.

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास हा बहुधा माणसांनी माणसांविरुद्ध केलेल्या कृतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी कोणाचा पराभव केला, किती सैनिक पडले, कोणता तह झाला, या प्रश्नांभोवती तो फिरत राहतो. ज्या भूमीवर युद्ध झाले त्या भूमीचे काय झाले, हा प्रश्न इतिहासलेखनात उशिराच आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यावरणीय इतिहास ही स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून पुढे आली आणि त्यानंतर युद्ध व निसर्ग यांच्या परस्परसंबंधांचा पद्धतशीर विचार होऊ लागला. रिचर्ड टकर व एडमंड रसेल यांनी संपादित केलेला या विषयावरील लेखसंग्रह २००४ साली प्रसिद्ध झाला. रोमन सैन्याच्या रसदव्यवस्थेवरील जोनाथन रॉथ यांचा ग्रंथ त्याआधी, १९९९ साली, आला होता.

या अभ्यासातील मोठी अडचण साधनांची आहे. सेनापतीच्या लेखी जंगल म्हणजे लाकूड, नदी म्हणजे अडथळा किंवा पाण्याची सोय आणि शेत म्हणजे धान्य असते. वस्तू उपयोगात आली की तिची नोंद संपते. तोडलेल्या वनाच्या जागी पूर्वी काय होते आणि ते गेल्याने कोणाचे काय गेले, याविषयी असे वृत्तांत बहुधा मौन पाळतात. हे मौन काही अंशी भरून काढणारे एक अनपेक्षित साधन म्हणजे लॅटिन महाकाव्य होय. महाकाव्य हे कल्पनाप्रधान, अतिशयोक्तीने भरलेले आणि परंपरेने बांधलेले असते. तेव्हा त्याची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न ओघानेच येतो.

सैन्याची गरज : काही परिमाणे

प्राचीन सैन्य म्हणजे एक चालते शहर होते. फरक इतकाच की शहराभोवती त्याला पोसणारी शेती वर्षानुवर्षे उभी राहिलेली असते, तर सैन्य अशा व्यवस्थेवर अचानक येऊन पडते. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने इ. स. पू. दुसऱ्या शतकातील रोमन शिध्याचे प्रमाण नोंदवले आहे. त्याच्या मते पायदळातील सैनिकास दरमहा सुमारे दोनतृतीयांश मेडिम्नस गहू मिळे, तर रोमन घोडेस्वारास सात मेडिम्नस बार्ली व दोन मेडिम्नस गहू मिळत असे. मेडिम्नस हे ग्रीक धान्यमाप होते. या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे सैन्यातील माणसांपेक्षा जनावरांचे पोट भरणे अधिक कठीण होते.

सीझरने दिलेल्या आकड्यांनुसार इ. स. पू. ४८ मध्ये पॉम्पीकडे सुमारे ७,००० घोडेस्वार होते. लहान चणीच्या घोड्यास दररोज ६ ते ८ किलो कोरडे खाद्य लागते असे धरले, तर ७,००० घोड्यांसाठी दररोज ४२ ते ५६ टन खाद्य लागेल. हे सर्व घोडे एकाच ठिकाणी होते असे गृहीत धरता येत नाही. परंतु निम्मे धरले तरी हा आकडा २१ टनांच्या खाली येत नाही. यात ओझ्याची खेचरे, गाड्यांचे बैल आणि छावणीमागून चालणारे बुणगे यांचा हिशेब नाही. स्वयंपाकाचे सरपण, तटबंदीच्या मेखा, वेढ्याची यंत्रे आणि प्रेतदहनाच्या चिता यांसाठी लागणारे लाकूड आणखी वेगळे.

रोमन लेखक या मर्यादेशी परिचित होते. उत्तरकालीन रोमन साम्राज्यात युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजिशियसने छावणीची जागा निवडताना पाणी, सरपण आणि चारा यांची उपलब्धता पाहावी असे सांगितले आहे. सैन्य एकाच जागी फार काळ राहिल्यास पाणी दूषित होते, हवा बिघडते आणि रोग उद्भवतात, असा इशाराही तो देतो. सैन्य ज्या परिसरावर जगते तो परिसर ते स्वतःच संपवीत असते, ही जाणीव या उपदेशाच्या मुळाशी आहे.

मासिलियाचे वन : दोन वृत्तांत

इ. स. पू. ४९ मध्ये सीझर व पॉम्पी यांच्यातील यादवी युद्धाच्या आरंभी मासिलिया, म्हणजे आजचे फ्रान्समधील मार्सेय, या नगरीने सीझरला दरवाजे बंद केले. या वेढ्याचा वृत्तांत सीझरने स्वतः लिहिला आहे आणि त्यात लाकडाचे उल्लेख वारंवार येतात. आरेलाते येथे बारा युद्धनौका बांधल्या गेल्या. झाडे तोडण्यास आरंभ झाल्यापासून तीस दिवसांत त्या सज्ज झाल्या. वेढ्याची जबाबदारी ट्रेबोनियसवर सोपवून सीझर स्पेनकडे गेला. ट्रेबोनियसने संपूर्ण प्रांतातून माणसे व ओझ्याची जनावरे मोठ्या संख्येने मागवली आणि वेत व लाकूड आणण्याचा हुकूम दिला. तटासमोर ऐंशी फूट उंचीचा बांध उभारला गेला. पुढे तटापर्यंत सुरक्षित पोहोचण्यासाठी दोन फूट जाडीच्या लाकडांचा साठ फूट लांबीचा मांडव तयार करण्यात आला.

त्यानंतर घडलेली घटना पर्यावरणीय इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. नगरवासीयांनी वाऱ्याचा फायदा घेऊन अचानक बाहेर पडून ही सारी बांधकामे जाळून टाकली. नवा बांध उभारण्यास लाकूडच उरले नव्हते, कारण मासिलियाच्या हद्दीतील झाडे दूरवर तोडून आणली गेली होती. तेव्हा सैनिकांनी सहा फूट जाडीच्या दोन विटांच्या भिंती बांधून त्यांवर छत घातले. सीझर ही गोष्ट आपल्या सैनिकांच्या कल्पकतेचे व चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगतो. परंतु त्याच वाक्यातून एका प्रदेशातील वृक्षसंपदा काही महिन्यांत संपल्याची कबुलीही मिळते.

याच वेढ्यावर सुमारे एक शतकानंतर ल्यूकनने लिहिले. इ. स. ३९ मध्ये कोर्दुबा येथे जन्मलेला आणि नीरोविरुद्धच्या कटात सापडून इ. स. ६५ मध्ये आत्महत्येस भाग पडलेला हा कवी. यादवी युद्धावरील त्याचे दहा सर्गांचे महाकाव्य अपूर्ण राहिले. त्याच्या तिसऱ्या सर्गात मासिलियाजवळील एका पवित्र वनाचा प्रसंग येतो. प्राचीन काळापासून अस्पर्शित असलेल्या या वनात सूर्यकिरण पोहोचत नाहीत, पक्षी बसत नाहीत, ओबडधोबड लाकडी देवमूर्ती अंधारात उभ्या आहेत. वन तोडण्याचा हुकूम होतो, पण सैनिकांचे हात थरथरतात. कुऱ्हाड उलटून आपल्यावरच येईल अशी त्यांना भीती वाटते. तेव्हा सीझर स्वतः कुऱ्हाड घेऊन एका उंच ओक वृक्षावर पहिला घाव घालतो आणि पाप आपल्या माथी घेतो. मग ॲश, सदाहरित ओक, अल्डर, सायप्रस असे सारे वृक्ष कोसळतात. वन इतके दाट असते की पडतानाही ते स्वतःच्या दाटीने स्वतःला सावरून धरते. गॉल लोक हा विध्वंस पाहून विव्हळतात. तटाच्या आतील नगरवासी मात्र देव आता सूड घेतील या आशेने आनंदतात. देव काहीच करीत नाहीत.

हे वन आणि सीझरची कुऱ्हाड यांचा उल्लेख सीझरच्या वृत्तांतात नाही. प्रसंग बहुधा कवीने रचलेला आहे. परंतु प्रसंगाच्या शेवटी ल्यूकन एक तपशील देतो, जो सहज नजरेआड होतो. पुरेसे लाकूड तोडून झाल्यावर ते वाहून नेण्यासाठी आसपासच्या शेतांतून गाड्या गोळा केल्या जातात. नांगराचे बैल ओढून नेले जातात आणि नांगरणी थांबलेल्या जमिनीकडे पाहत शेतकरी हातचे गेलेले वर्ष आठवून रडतो. येथे देव नाहीत, शकुन नाहीत, अद्भुत काहीही नाही. ट्रेबोनियसने प्रांतभरातून मागवलेल्या जनावरांची सीझरने केलेली नोंद या तपशिलाशेजारी ठेवली, म्हणजे दोन्ही साधने एकाच वस्तुस्थितीकडे बोट दाखवीत असल्याचे स्पष्ट होते. सीझरच्या गद्यात जनावरांची संख्या मोठी आहे, एवढेच कळते. ती जनावरे कोणाच्या जुवाखालून आली आणि ती गेल्यावर काय राहिले, हे सांगण्याचे काम कवीने केले आहे.

डिराकियम : सैन्याने सैन्याचा केलेला कोंडमारा

पुढल्या वर्षी, इ. स. पू. ४८ मध्ये, आजच्या अल्बानियातील दुर्रेस, म्हणजे प्राचीन डिराकियम, येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. सीझरने पॉम्पीभोवती तटबंदी उभारली, तर पॉम्पीने आतून पंधरा मैलांच्या परिघात चोवीस गढ्या बांधून शक्य तितकी जमीन आपल्या ताब्यात ठेवली. हेतू उघड होता : घोड्यांना चरण्यास जागा हवी होती.

येथे निसर्ग स्वतःच शस्त्र बनतो. समुद्राकडे वाहणारे ओढे व नद्या सीझरच्या सैनिकांनी वळवल्या अथवा अडवल्या. पॉम्पीच्या सैन्याला सखल, दलदलीच्या जागी विहिरी खणाव्या लागल्या आणि त्या उन्हाने आटल्या. दाटीवाटीने राहणे, मेलेल्या जनावरांची दुर्गंधी आणि सततचे श्रम यांमुळे रोगराई पसरली. वेढ्याच्या आतील उभे पीक संपल्यावर घोड्यांना झाडांची पाने आणि कुटलेली वेताची मुळे खाऊ घातली जाऊ लागली. बार्ली व वैरण कोर्किरा बेट आणि अकार्नेनिया येथून समुद्रमार्गे येई. दुसरीकडे सीझरच्या सैनिकांना धान्य मिळेना. त्यांनी ‘खारा’ नावाचे एक रानमूळ दुधात कालवून त्याच्या भाकरी केल्या. अशी एक भाकरी पॉम्पीला दाखवण्यात आली तेव्हा आपण श्वापदांशी लढत आहोत असे तो म्हणाल्याची आख्यायिका चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवली आहे.

ल्यूकनच्या सहाव्या सर्गात हाच कोंडमारा साखळीच्या रूपाने मांडलेला आहे. प्रथम टापांखाली गवत तुडवले जाते. मग घोडे उपाशी मरतात. त्यांच्या कुजण्याने हवा दूषित होते. दूषित हवेने माणसे आजारी पडतात. अखेर उत्तरेकडून येणारा वारा आणि परदेशी धान्य घेऊन आलेली जहाजे यांमुळे पॉम्पीच्या छावणीला दिलासा मिळतो. रोगाविषयीची ल्यूकनची कल्पना त्याच्या काळाची आहे आणि आजच्या वैद्यकास ती मान्य होणार नाही. तथापि चारा, जनावरे, मृतदेह, पाणी व रोग यांना एका कार्यकारणभावात गुंफण्याची त्याची दृष्टी उल्लेखनीय आहे. सीझरच्या वृत्तांतात हेच घटक वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले आहेत, कारण तेथे प्रत्येक घटकाची नोंद डावपेचाच्या ओघात येते.

दोन्ही साधनांत एक लक्षणीय भेदही आहे. सीझर झाडांची पाने पॉम्पीच्या घोड्यांच्या तोंडी देतो. ल्यूकन मात्र सीझरच्या भुकेल्या सैनिकांनाच जमिनीवर वाकून झुडपे ओरबाडताना, वनातील पाने खुडताना आणि अनोळखी मुळे उपटताना दाखवतो. माणूस आणि जनावर यांतील सीमा पुसली जाते. हा भेद ऐतिहासिक माहितीचा नसून दृष्टिकोनाचा आहे आणि तो ओळखूनच काव्याचा उपयोग करावयास हवा.

स्टेशियसची नदी आणि व्हर्जिलचा बुंधा

ल्यूकननंतर सुमारे तीन दशकांनी स्टेशियसने थीब्जविरुद्धच्या पौराणिक युद्धावर बारा सर्गांचे महाकाव्य रचले. त्यातील घटना इतिहासातील नाहीत. तरीही त्यातील एक दृश्य सैन्य व पाणी यांच्या संबंधाचे मार्मिक चित्र ठरते. नेमिया येथे दुष्काळ पडला आहे आणि केवळ लांगिया ही एकच नदी वाहत आहे. तहानलेले सैन्य तिच्यात घुसते. सरदार व शिपाई हा भेद राहत नाही. लगाम चढवलेले घोडे, शस्त्रधारी स्वार, रथ सारे एकाच वेळी पाण्यात उतरतात. काठ ढासळतात, तळाचा गाळ वर येतो, स्वच्छ पाणी चिखल होते आणि तोच चिखल सैनिक पितात. ज्या नदीने त्यांना वाचवले तिचीच ही अवस्था होते. ज्याची नितांत गरज आहे तेच गरजेच्या भराने नष्ट करणे, हा सैन्याचा स्वभाव एवढ्या थोडक्यात अन्यत्र क्वचितच व्यक्त झाला असेल. याच काव्याच्या सहाव्या सर्गात एका बालकाच्या चितेसाठी प्राचीन वन तोडले जाते आणि त्या तोडीची तुलना जिंकलेल्या नगरीच्या लुटीशी केलेली आहे.

व्हर्जिलच्या महाकाव्याच्या बाराव्या सर्गातील प्रसंग लहान, पण अर्थगर्भ आहे. लॅटियममध्ये फॉनस देवाला वाहिलेला एक रानटी ऑलिव्ह वृक्ष होता. समुद्रातून वाचलेले खलाशी त्यावर नवसाची वस्त्रे टांगत. लढण्यास मैदान मोकळे व्हावे म्हणून ट्रोजनांनी, त्याच्या पावित्र्याचा विचार न करता, तो तोडला. पुढे इनियसचा भाला त्याच बुंध्यात रुततो आणि टर्नसच्या प्रार्थनेवरून फॉनस तो काही काळ धरून ठेवतो. स्थानिक लोकांसाठी जे श्रद्धास्थान, ते आगंतुक सैन्यासाठी केवळ अडचण असते, हा विरोध व्हर्जिलने रोमच्या मूळकथेतच ठेवून दिला आहे.

काव्याची साक्ष : मर्यादा आणि मूल्य

या साक्षीविषयी तीन आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप परंपरेचा. वृक्षतोडीचे वर्णन हा महाकाव्याचा ठरीव घटक आहे. होमरने पॅट्रोक्लसच्या चितेसाठी, एनियसने आपल्या इतिहासकाव्यात, व्हर्जिलने मिसेनसच्या अंत्यसंस्कारासाठी असे वर्णन केले असून नंतरच्या कवींनी ते जाणीवपूर्वक पुढे चालवले. त्यामुळे काव्यातील वृक्षांची यादी ही त्या जागेच्या वनस्पतींची नोंद मानणे चुकीचे ठरेल. दुसरा आक्षेप पक्षपाताचा. ल्यूकन सीझरचा कट्टर टीकाकार आहे; त्याच्या हाती कुऱ्हाड देण्यामागे राजकीय हेतू आहे. तिसरा आक्षेप अतिशयोक्तीचा असून त्यासाठी निराळ्या पुराव्याची गरज नाही.

याशिवाय पर्यावरणीय इतिहासात एक मूलभूत वाद आहे. डोनाल्ड ह्यूज यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन ग्रीक व रोमन समाजांनी भूमध्यसागरी निसर्गाची मोठी हानी केल्याचे प्रतिपादन केले. याउलट ए. टी. ग्रोव्ह व ऑलिव्हर रॅकहॅम यांनी २००१ च्या ग्रंथात ‘उजाड झालेली भूमी’ ही कल्पना अतिरंजित असल्याचे म्हटले. भूमध्यसागरी वनस्पती तोड सोसून पुन्हा वाढण्यास समर्थ आहेत, असा त्यांचा मुद्दा आहे. सदाहरित ओक व अल्डर यांच्या तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येतात, हे खरेच आहे. तेव्हा मासिलियाचे वन कायमचे नाहीसे झाले असे काव्याच्या आधारे म्हणता येणार नाही. गाळातील परागकणांच्या अभ्यासाने वनस्पतींतील दीर्घकालीन बदल कळतात. पण एका वेढ्याचा ठसा त्यात वेगळा ओळखता येणे कठीण असते.

नेमके येथेच महाकाव्याचे मूल्य ध्यानात येते. हानी कायमची होती की नव्हती, हा एक प्रश्न झाला. ती सोसणाऱ्याच्या आयुष्यात केवढी होती, हा दुसरा. ओकच्या बुंध्याला वीस-तीस वर्षांत पुन्हा झाड येईल. परंतु पेरणीच्या वेळी बैल गेलेल्या शेतकऱ्याला तेवढा अवधी नसतो. निसर्गाचा काळ शतकांचा, सेनापतीचा काळ मोहिमेचा आणि शेतकऱ्याचा काळ एका वर्षाचा असतो. परागकण पहिला काळ सांगतात, सीझर दुसरा सांगतो. तिसरा काळ ल्यूकनच्या त्या थोड्या ओळींत सापडतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. लॅटिन महाकाव्याकडे घटनांची थेट नोंद म्हणून पाहता येत नाही. किती झाडे तोडली, किती घोडे मेले, याची उत्तरे त्यातून मिळत नाहीत. ती गद्य वृत्तांत, पुरातत्त्व आणि निसर्गविज्ञान यांतूनच शोधावी लागतात. परंतु गद्य वृत्तांतात साधनसामग्री म्हणून आलेली वस्तू मुळात काय होती व कोणाची होती, हे महाकाव्य सांगू शकते. शिवाय चारा, पाणी, जनावरे, रोग व माणूस यांची परस्परावलंबी साखळी प्राचीनांना जाणवत होती, याचा पुरावाही त्यातून मिळतो. ही जाणीव आधुनिक पर्यावरणविचाराने मागाहून लादलेली नाही.

म्हणून दोन्ही प्रकारची साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचणे, ही या अभ्यासाची योग्य पद्धत ठरते. जेथे ती जुळतात, जसे मासिलियाच्या जनावरांबाबत, तेथे काव्याचा तपशील विश्वासाने वापरता येतो. जेथे ती विसंगत आहेत, तेथे विसंगतीचे कारणच अभ्यासाचा विषय होते. यादवी युद्ध कोणी जिंकले हे इतिहासाने दोन हजार वर्षे लक्षात ठेवले आहे. ज्याचे बैल त्या युद्धासाठी नेले गेले, त्या शेतकऱ्याचे नाव कोणीच नोंदवले नाही. त्याचे बुडालेले वर्ष मात्र एका महाकाव्यात शिल्लक राहिले, आणि पर्यावरणीय इतिहासाने महाकाव्य वाचावे यासाठी तेवढे कारणही पुरेसे आहे.